बर्फ कुणी उचलायचा?

मालवणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. टोरांटोत अख्ख्या हिवाळ्यात सरासरी 120 सेंटीमीटरच्या घरात बर्फ पडतो. त्याचं पाणी केलं तर मालवणच्या एखाद्या दमदार दिवसाचा पाऊस भरेल, तरी जेरीला आणतो तो बर्फच. पाऊस आपला आपण निघून जातो. आगोटीआधी कौलं परतावीत, व्हाळाची वाट मोकळी करावी; पुढे पागोळ्यांपासून खाडीपर्यंतचा रस्ता त्याला ठाऊक असतो. बर्फ मात्र पडला तिथेच ठाण मांडतो, आणि तो दर वेळी, बहुधा कामावर निघायच्या आधी अंधारात, हलवावा लागतो. सहा मीटर रुंद, दहा मीटर लांब अशा ड्राइव्हवेवर वीस सेंटीमीटर भुसभुशीत बर्फ साचला तर वजन टनाच्या वर जातं. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. फावडं भरायचं, कमरेत वळायचं, बाजूच्या ढिगावर फेकायचं, आणि जानेवारी संपेतो तो ढीग छातीला लागलेला असतो. हे आटोपतंय तोवर पालिकेचा स्नो प्लाऊ येतो आणि रस्त्यावरचा सगळा ऐवज ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून जातो. मीठ प्यायलेला, करडा, ढेकळाढेकळांचा बांध. खरी कंबर मोडते ती इथे.

तरीही माझं म्हणणं असं की यातली पीडा श्रमांपेक्षा वाटणीची आहे. अंगमेहनत आमच्या किनाऱ्याला नवी नाही. पण मासेमारी बंद झाली की होडी वर ओढायला चार घरची माणसं लागतात, आणि ती येतात. बर्फाचं काम तितकंच सगळ्या गल्लीचं असून घराघरांत तोडून दिलेलं आहे. पदपथाचंच बघा. नऊ घरांनी आपापला तुकडा साफ केला आणि दहाव्याने नाही, तर बाबागाडी घेतलेली आई किंवा काठी टेकणारे आजोबा त्या दहाव्या घरापाशी रस्त्यावर उतरणार. नऊ जणांची मेहनत तिथे फुकट. जुन्या टोरांटोच्या बऱ्याच भागात वर्षानुवर्षं नियम होता की बर्फ थांबल्यावर 12 तासांत घरमालकाने पदपथ मोकळा करावा. 2021-22च्या हिवाळ्यापासून पालिकेने शहरातले जवळपास सगळे पदपथ स्वतःच्या यंत्रांनी साफ करायला घेतले. घरोघरच्या भरवशावर ते भागत नव्हतं, याची ही कबुलीच मानायची.

फावडं मारणं हा फुकटचा व्यायाम, असं म्हणणारे आपल्या मंडळींत पुष्कळ. क्वेबेकमधल्या 1981 ते 2014 या काळातल्या नोंदींचा अभ्यास 2017 साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. जास्त बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि त्यातले मृत्यू वाढलेले दिसले. फावड्यानेच ते होतं हे त्यातून थेट सिद्ध होत नाही, पण संशोधकांचा रोख तिकडेच आहे. वर्षभर खुर्चीत बसलेला पन्नाशीचा गृहस्थ कडाक्याच्या थंडीत एकदम ओझं उचलतो, श्वास रोखतो; याला व्यायाम म्हणणं धाडसाचं. माणूस लावा, यंत्र घ्या, हा दुसरा सल्ला. पैसे असतील त्याने जरूर घ्यावं. मात्र गल्लीतला म्हातारा एकटा राहतो, तिथे हा सल्ला पोचत नाही. आणि घर घेताना हे माहीत नव्हतं का, असा टोमणा मारणाऱ्यांनी सांगावं, ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरचा बर्फ आणून टाकतं कोण?

हे काम पालिकेने करावं यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की पालिकेलाही ते झेपत नाही. 2025च्या फेब्रुवारीत टोरांटोत थोड्याच दिवसांत 50 सेंटीमीटरच्या आसपास बर्फ पडला आणि कित्येक पदपथ दीर्घकाळ अडलेले राहिले. हे खरंच आहे. पण तेव्हा लोकांना जाब विचारायला एक दार होतं. दहाव्या घरमालकाला कोण विचारणार? शिवाय याहून जास्त बर्फाचं मॉन्ट्रियल सुमारे दहा हजार किलोमीटरचे रस्ते नि पदपथ साफ करतं, आणि मोठ्या बर्फानंतर ढीग ट्रकांत भरून ठरावीक जागी नेतं. त्याचा कर पडतो, आणि तो द्यावा. बांधाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, पण त्यालाही वाट आहे. मराठी घरांची चांगली वस्ती असलेल्या मिसिसागात 65 वर्षांवरच्या आणि अपंग रहिवाशांच्या ड्राइव्हवेपुढचा बांध हटवण्याची योजना पालिकेने राबवली. त्यासाठी आधी अर्ज करावा लागे. गणपतीच्या वर्गणीसाठी घरोघरी फिरणाऱ्या मंडळांनी त्याच फेरीत अशा योजनांची माहितीही बरोबर न्यायला हरकत नाही.