मायदेशी परतल्यावरची पोर्तुगीज




लिस्बनमधील वास्तव्य आटोपून पुण्यास परतल्यावर तेथे कमावलेली पोर्तुगीज टिकवावी कशी, या प्रश्नाचे उत्तर जितके भाषेच्या तितकेच स्मृतीच्या स्वभावात शोधावे लागते. वापराअभावी भाषा निसटत जाणे यास भाषाक्षय म्हणतात, आणि हा क्षय सर्व अंगांनी सारख्या वेगाने होत नाही. ऐकून व वाचून समजण्याची शक्ती पुष्कळ काळ शाबूत राहते, परंतु ऐन वेळी नेमका शब्द आणि क्रियापदाचे नेमके रूप तोंडी येण्याची शक्ती आधी क्षीण होते. बातम्या समजतात म्हणून भाषा जागेवर आहे, अशी जी समजूत होते, ती म्हणूनच फसवी असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी बाह्रिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिक्षणक्रमात स्पॅनिश शिकून पुढे तिचा फारसा वापर न केलेल्यांची, शिक्षणानंतर पन्नास वर्षांपर्यंतच्या निरनिराळ्या टप्प्यांवर परीक्षा घेतली, तेव्हा असे आढळले की पहिल्या तीन ते सहा वर्षांत ज्ञान घसरते, मात्र त्यानंतर उरलेला भाग सुमारे तीस वर्षे जवळजवळ स्थिर राहतो. वर्गात शिकलेल्या भाषेचा हा निष्कर्ष परदेशी राहून उचललेल्या भाषेला तंतोतंत लागू पडेल असे नाही. तरीही श्रम करायचेच तर ते परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत करावेत, एवढे त्यावरून खुशाल म्हणता येते.

श्रम कशावर करावेत, हा खरा मुद्दा आहे. पोर्तुगीजमधून मराठीत रुळलेल्या बटाटा, पगार, चावी यांसारख्या शब्दांचे कौतुक गोव्याच्या नावाने वारंवार होते, पण ती सारी नामे असून त्यांचा येथे काडीचा उपयोग नाही, कारण आधी निसटतात त्यांत क्रियापदांची रूपेही असतात. पोर्तुगीजमध्ये भविष्यकालीन संभावनार्थ, म्हणजे अद्याप न घडलेल्या गोष्टीवर दुसरी गोष्ट अवलंबून असताना वापरायचे रूप, नित्याच्या बोलण्यात जिवंत आहे; ‘तो येईल तेव्हा’ म्हणताना साधे भविष्यरूप न चालता ‘विएर’ हे रूप लागते, आणि स्पॅनिशमध्ये असे रूप रोजच्या वापरातून केव्हाच गेलेले असल्यामुळे स्पॅनिशचा आधारही मिळत नाही. तसेच जिवंत आहे ते पुरुषप्रत्यययुक्त भाववाचक रूप, ज्यात ‘करणे’ या अर्थाच्या रूपालाच कर्त्याचा प्रत्यय जोडून ‘आपण करण्यासाठी’ असा अर्थ साधतो. ही रूपे नुसत्या वाचनाने हाती राहत नाहीत. ऐकलेली बातमी स्वतःच्या वाक्यांत मोठ्याने पुन्हा सांगणे, आणि शक्य तर त्या भाषेच्या एखाद्या जाणकाराशी ठरलेल्या वेळी बोलणे, याला पर्याय दिसत नाही.

दुसरी अडचण बोलींची आहे. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींहून अधिक आणि पोर्तुगालची सुमारे एक कोटी, त्यामुळे मालिका, गाणी, चित्रफिती या साऱ्यांत ब्राझिली पोर्तुगीजच हाती लागते. ती अर्थातच कमी प्रतीची नव्हे, पण लिस्बनमध्ये आघात नसलेले स्वर इतके गिळले जातात की लेखी ‘तेलेफोने’ कानी ‘त्लफॉन’ असे पडते, तर ब्राझीलमध्ये स्वर मोकळे उच्चारले जातात. मोकळ्या स्वरांना सरावलेल्या कानाला पुढे लिस्बनचे बोलणे अनोळखी वाटू लागते. याउलट खुद्द पोर्तुगालमधील लोकांना ब्राझिली बोली समजायला फारशी अडचण पडत नाही, त्यामागे १९७७ मध्ये तेथे प्रक्षेपित झालेल्या ‘गाब्रिएला’पासूनच्या ब्राझिली मालिकांचाही हात आहे. लिस्बनच्या बोलीसाठी पोर्तुगालच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचा आंतेना उं हा रेडिओ ऐकावा, तो इंटरनेटवर ऐकता येतो. वाचनाची सुरुवात मात्र पोर्तुगीज कादंबरीकार सारामागो यांच्यापासून करू नये, कारण अवतरणचिन्हांवाचून संवाद गुंफणारी त्यांची लांबलचक वाक्ये उत्साह मारतात. लेखिका सोफिया द मेलू ब्रायनर आंद्रेसन यांच्या बालकथा बऱ्या.

पुण्याहून पणजी दूर नाही, आणि तेथे पोर्तुगालच्या कामोइंश संस्थेचे भाषाकेंद्र व विद्यापीठातील पोर्तुगीज विभाग आहे, हेही ध्यानात असावे. १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट गेल्यावरही गोव्यातील काही घरांत पोर्तुगीज टिकली, ती प्रामुख्याने घरातल्या बोलण्यामुळे. १९०० साली निघालेले ‘ओ हेराल्दो’ हे पोर्तुगीज दैनिक मात्र १९८३ मध्ये इंग्रजी झाले, तेव्हा छापील आधार गेला तरी त्या घरांतील बोलणे त्याच दिवशी थांबले नाही.

मध्यंतरी खंड पडल्यास खेद करण्याचे कारण नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवल्याप्रमाणे, विसरलेली गोष्ट पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. या वाचलेल्या वेळाला स्मृतीतील बचत म्हणतात, आणि सगळे विसरले गेले असे वाटते तेव्हाही ती बहुधा शिल्लक असते.