पुढच्या रांगेचा हिशेब

बुद्धगया, सारनाथ, कुशीनगरला आपली माणसे रेल्वेने जातात. डब्यात पाय ठेवायला जागा नसली तरी भाकरीचे फडके सोडून चार जणांत वाटून खात, गाणी म्हणत जातात. श्रीलंका मात्र बेट आहे. मुंबईहून तेथे जायचे तर विमानच धरावे लागते, आणि तिकीट काढायला बसले की पहिलाच प्रश्न उभा राहतो. मागच्या साध्या वर्गाने जायचे, की पुढच्या बिझनेस क्लासने? आपल्या घरांत हा प्रश्न पडू लागला आहे, हीच एक नवलाची गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही आईला घेऊन अनुराधपूरला जाऊन आलो. त्याआधी दोन महिने आम्ही चौघा भावंडांनी या एकाच प्रश्नाचा कीस पाडला. तो हिशेब वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडत आहोत.

आईचे वय ७३. एकतीस वर्षे तिने नगरपालिकेच्या दवाखान्यात आयाची नोकरी केली. उभे राहून, वाकून, बादल्या उचलून दोन्ही गुडघे गेले. महिला मंडळात तिने संघमित्रेची कथा ऐकली होती. सम्राट अशोकाची मुलगी बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली आणि ते झाड आजही अनुराधपूरला उभे आहे, हे ऐकल्यापासून तिने एकच धोशा लावला : "ते झाड मला बघायचंय." मे १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी त्याच बेटावर गेले होते, हेही तिला ठाऊक होते. पेन्शनीतून तिने पैसे साठवले होते. उरलेले आम्ही घालणार होतो.

मतभेद झाला तो वर्गावरून. दादाचे म्हणणे, "आई जन्मभर मागे बसली. एकदा तरी पुढे बसू दे." ताईचे म्हणणे, "दोन-अडीच तासांसाठी एवढे पैसे? त्यात नातीची वसतिगृहाची फी निघेल." दोघांचेही खरे होते. एक मानाचे बोलत होता, दुसरी संसाराचे. धाकट्याने तेवढे म्हटले, "आधी नीट चौकशी तरी करा."

चौकशीला आम्ही आईला घेऊनच एका तिकीट एजंटाच्या कचेरीत गेलो. आईने स्वतःच बिझनेस क्लासचा दर विचारला. समोरच्या गृहस्थांनी तिच्याकडे, तिच्या सुती लुगड्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "आजीबाई, तो वर्ग साहेब लोकांचा. तुम्ही मागचंच घ्या." संगणकात पाहण्याची तसदीही त्यांनी घेतली नाही. आई शांतपणे म्हणाली, "मी दर विचारला, साहेब. परवडतं का नाही ते माझी पोरं बघतील." आम्ही उठलो आणि दुसरीकडे गेलो. पण त्या दिवसापासून हा प्रश्न नुसता खुर्चीचा राहिला नाही. घरी येताना दादा म्हणाला, "आता तर पुढचंच तिकीट काढायचं." आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. पण कुणी हिणवले म्हणून पैसे खर्चायचे, तर आपला हिशेब त्याने ठरवल्यासारखे होते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली गोष्ट अशी कळली की 'बिझनेस क्लास' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या खुर्च्या विकल्या जातात. मुंबई ते कोलंबो अंतर सुमारे १,५०० किलोमीटर, हवेतला वेळ अडीच तासांच्या आसपास. इतक्या जवळच्या मार्गावर बहुधा एकाच मधल्या वाटेचे छोटे विमान असते. एअरबस ए-३२० जातीचे. त्यात साध्या वर्गात वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, तर पुढे दोन-दोन. पुढची खुर्ची रुंद असते, पाठ बरीच मागे कलते, पण तिचा पलंग होत नाही. श्रीलंकन एअरलाइन्सकडे ए-३३० ही मोठी विमानेही आहेत. त्यांतल्या ए-३३०-३०० मध्ये बिझनेसची रचना एक-दोन-एक अशी असून खुर्ची पूर्ण आडवी होते. कोणत्या दिवशी कोणते विमान लागेल हे वेळापत्रकावर अवलंबून, आणि ऐन वेळी विमान बदलूही शकते. म्हणून तिकीट काढताना वर्गाचे नाव पाहून थांबू नये. विमानाची जात आणि आसनांचा नकाशा मागावा. पलंगाच्या जाहिरातीवर पैसे भरायचे आणि मिळायची आरामखुर्ची, असे होऊ नये.

दुसरी गोष्ट, सगळ्या कंपन्यांकडे हा वर्ग असतोच असे नाही. इंडिगोची मुंबई-कोलंबो सेवा आम्ही पाहिली, तिच्यात बिझनेस वर्ग नव्हता. या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढच्या रुंद खुर्च्या आणल्या, पण त्या आधी देशातल्या मोठ्या मार्गावर. विस्ताराने २०१९ मध्ये मुंबई-कोलंबो विमान सुरू केले होते आणि आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने तिची फार स्तुती केली. परंतु ती कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा जुन्या स्तुतीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. एअर इंडियाच्या काही ए-३२० विमानांत तीन वर्ग असतात : पुढे आठ बिझनेसच्या खुर्च्या, मग प्रीमियम इकॉनॉमीच्या चोवीस, मग साध्या. हा मधला वर्ग गुडघेदुखीच्या माणसाने जरूर विचारात घ्यावा. खुर्ची जवळजवळ तेवढीच, पण पायाला जागा जास्त. काही तिकिटे स्वस्त दिसतात, पण त्यांत दिल्ली किंवा चेन्नईला विमान बदलावे लागते. आईसारखीला दुसऱ्या विमानतळावरची पायपीट ही पुढच्या खुर्चीने भरून न येणारी गोष्ट. म्हणून आम्ही थेट विमान हीच पहिली अट ठेवली.

आता पैशांचा हिशेब. भारतातून सुरू होणाऱ्या प्रवासात साध्या वर्गाच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. वरच्या वर्गांना आम्ही गेलो तेव्हा १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. उदाहरणादाखल धरू की एका बाजूचे मूळ भाडे साध्या वर्गाचे १५,००० रुपये आणि बिझनेसचे ४०,००० रुपये. भाड्यातला फरक २५,०००. पण कर एकीकडे ७५० आणि दुसरीकडे ७,२००. म्हणजे खरा फरक ३१,४५० रुपयांचा. त्याला अडीच तासांनी भागले तर तासाला १२,५८० रुपये पडतात. त्यातही चढता-उतरता पट्टा बांधून ताठ बसावे लागते, मध्ये जेवण येते. पाठ मागे टाकून पडायला मिळतो जेमतेम एक-दीड तास. आमच्या कचेरीत असे भागाकार करण्यातच आमचा जन्म गेला, म्हणून पहिला भागाकार आम्ही हाच केला. वाचकांनी स्वतःच्या तिकिटाचे आकडे घालून तो करून पाहावा.

पण नुसत्या भागाकाराने माणसाचा गुडघा कळत नाही. तेव्हा आम्ही आईच्या शरीराची यादी केली. तिला पाय लांब करता आले पाहिजेत. साध्या वर्गात एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण ३० इंच असते, बिझनेसमध्ये चाळीसच्या आसपास. हा दहा इंचांचा फरक गुडघ्याला खरा फरक आहे. तिला स्वच्छतागृहात जाताना दोघांना उठवावे लागू नये. ती रांगेत अर्धा-पाऊण तास उभी राहू शकत नाही. आणि तिला खिडकी हवी होती. समुद्र पाहायचा होता.

यांतल्या रांगेची अडचण मात्र पैशांशिवाय सुटते, हे पुष्कळांना माहीत नसते. ज्यांना चालणे खरोखर अवघड आहे, त्यांना व्हीलचेअरची मदत साध्या तिकिटावरही मिळते, आणि तिचे वेगळे पैसे द्यायचे नसतात. प्रवासाच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला तसे कळवून तिकिटावर नोंद करून घ्यावी. खुर्ची ढकलणारा माणूस तपासणीतून नेऊन विमानाच्या दारापर्यंत सोडतो. ती मदत घेण्यात लाज कसली? उलट एक सावधगिरी सांगतो. संकटकाळच्या दाराजवळच्या रांगेत पाय पसरायला जागा असते म्हणून काही जण म्हाताऱ्या माणसांसाठी ती मागतात. ती त्यांना मिळत नाही. तेथे दार उघडण्यास समर्थ असा प्रवासीच बसवतात. त्याऐवजी साध्या वर्गाची पहिली रांग थोडे पैसे भरून घ्यावी. समोर भिंत असते, कुणाची पाठ अंगावर येत नाही. फक्त पिशवी पायाशी ठेवता येत नाही, म्हणून गोळ्या खिशात ठेवाव्यात.

हे सारे मांडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आमची सगळी चर्चा हवेतल्या अडीच तासांवर चालली होती, आणि आईचे खरे हाल होणार होते जमिनीवर. कोलंबोचा विमानतळ कातुनायकेला आहे. तेथून अनुराधपूर चार-पाच तासांची वाट. तिथे महाबोधीच्या आवारात आणि रुवनवेलिसाय स्तूपाभोवती अनवाणी चालायचे, दुपारी दगड तापलेले. मिहिंतलेला १,८४० पायऱ्या. मग कँडीचे दंतधातू मंदिर. चार दिवसांनी परत निघताना ती कशी असेल? जाताना माणूस उमेदीने जातो. येताना शरीराने येतो.

तेव्हा ताई म्हणाली, "मग दोन्हीकडचं कशाला? येतानाचंच पुढचं काढा." जाताना एक वर्ग आणि येताना दुसरा, असे तिकीट निघते हे तोवर आमच्या कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. चौकशी केली, निघत होते. जाताना सगळे साध्या वर्गाने, आईला पहिल्या रांगेतली खिडकी, शेजारी ताई. येताना आई आणि ताई बिझनेसमध्ये, आम्ही बाकीचे मागे. वाचलेल्या पैशांतून लंकेत चालकासह मोटार घेतली आणि अनुराधपूरला एकाऐवजी दोन मुक्काम केले. त्यामुळे महाबोधीला भल्या सकाळी, दगड थंड असताना जाता आले. मिहिंतलेला मोटार वरच्या वाहनतळापर्यंत गेली, बऱ्याच पायऱ्या टळल्या. आई त्या झाडापाशी दीड तास बसली. काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही.

परतताना तिचे पाय सुजले होते. पुढच्या खुर्चीत तिने पाय लांब केले, पाठ मागे टाकली आणि जेवण येण्याआधीच झोपली. विमान उतरले तेव्हा पहिल्यांदा तिला आणि ताईला बाहेर सोडले. सामानही लवकर आले. आम्ही भेटलो तेव्हा दादाने विचारले, "कसं वाटलं, आई, पुढं?" ती म्हणाली, "खुर्ची चांगली होती रे. पण जाताना खिडकीतून दर्या दिसला, ते जास्ती चांगलं होतं."

आपल्या समाजात या खर्चावर दोन प्रकारे बोलले जाते. कुणी म्हणतो, ही चैन आपल्याला शोभत नाही. कुणी म्हणतो, आपण आता कुणापेक्षा कमी नाही, तेव्हा पुढेच बसायचे. आम्हाला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. पुढे बसण्याचा हक्क आपला आहेच, त्यासाठी एजंटाच्या दाखल्याची गरज नाही. पण हक्क आहे म्हणून तो दर वेळी विकत घेतलाच पाहिजे असेही नाही. ज्याचे शरीर थकले आहे, त्याच्यासाठी तो घ्यावा, आणि ज्या टप्प्यावर थकवा आहे, त्या टप्प्यावर घ्यावा. तरुण माणसाने अडीच तासांसाठी मागे बसून तो पैसा पुस्तकांना लावावा.

ज्यांना वडीलधाऱ्यांना घेऊन लंकेला जायचे आहे, त्यांनी तिकिटापूर्वी घरातल्या त्या माणसालाच एकदा विचारावे, तुला नेमके काय दुखते आणि तुला नेमके काय पाहायचे आहे. आमच्या घरी दोन महिने वाद चालला, तेव्हा आईची खिडकी आमच्या यादीत सर्वांत शेवटी होती. तिच्या यादीत ती पहिली होती.