आमची फियाट व एक दाखला

जुन्या मोटारींचा छंद ही श्रीमंतांची चैन आहे, असा एक समज आहे. अहमदाबादनजीक कठवाडा येथील मोटारींचे संग्रहालय किंवा जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात भरलेले जुन्या मोटारींचे प्रदर्शन पाहिले म्हणजे तो दृढच होतो. परंतु या छंदाचा एक मध्यमवर्गीय पंथही आहे आणि आम्ही त्या पंथाचे सुरतेतील एक नम्र अनुयायी आहोत. आमच्यापाशी तीर्थरूपांनी मागे ठेवलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात मात्र तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, ती 'फियाट'च.

रविवारी सकाळी तापीकाठी आम्ही चारपाच समानधर्मी जमतो. एकाची अँबॅसडर, एकाची तिरपी केल्याशिवाय किक न घेणारी चेतक, तर एका पारशी गृहस्थांची 'डुक्कर फियाट'. गरमागरम लोचो पुढ्यात आला की आठवड्याचा वृत्तान्त सुरू होतो. कोणाला नानपुऱ्यातील एका बोळात ताडपत्रीखालून डोकावणारा ओळखीचा दिवा दिसलेला असतो. कोणी केवळ आवाजावरून मागे वळून स्टँडर्ड हेराल्ड ओळखलेली असते. मग वाद रंगतात. अँबॅसडरवाले बजावतात की, हिंदुस्थान मोटर्सचा जन्म १९४२ मध्ये आपल्या गुजरातेतील ओखा बंदरीच झाला, उत्तरपाडा नंतरचे. आम्हीही मागे हटत नाही. आमच्या गाडीचा कारखाना कुर्ल्याला उभारणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, हे आम्ही अभिमानाने सांगतो. अँबॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्या रविवारी लोचोची एक प्लेट तशीच गार झाली होती.

गाडी बाळगणे आणि गाडी चालती ठेवणे यांत मोठे अंतर आहे. थंडीत चोक किती ओढावा, पॉइंट घासण्यास कोणता पॉलिश कागद घ्यावा, कार्ब्युरेटरचा जेट कधी फुंकावा, हे कोणत्याही पदवी-परीक्षेस नसलेले विषय आम्हाला प्रौढपणी शिकावे लागले. वैशाखात इंजिन तापले की पंपातील पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर चौकात उभी राहते. त्यावर उपाय एकच, पंपावर ओला फडका ठेवणे. "मुलांच्या तापात तुम्ही इतक्या घड्या बदलल्या नव्हत्या," असे सौभाग्यवती म्हणतात, आणि ते असत्य नाही. गाडीला १५ वर्षे झाल्यापासून दर ५ वर्षांनी तिचे पासिंग नव्याने करून घ्यावे लागते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनास 'विंटेज' हा मान दिला आहे. म्हणजे आमच्या फियाटला २०३४ पर्यंत वाट पाहणे आले. आम्हाला सरकार ५८ व्या वर्षीच घरी बसविणार. मोटारीस मात्र पन्नाशीनंतर प्रतिष्ठा!

परंतु वाचकहो, ही गाडी आज चालते आहे ती आमच्या हौसेमुळे नव्हे. ती कोणामुळे चालते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ऑगस्ट २००६ मधील तापीचा महापूर सुरतेतील कोणीही विसरणार नाही. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने बहुतेक सारे शहर व्यापले. अडाजणला आमच्या सोसायटीच्या आवारात उभी असलेली फियाट टपापर्यंत बुडाली. पाणी ओसरले तेव्हा आत-बाहेर चिखलाचा थर होता. तीर्थरूपांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. गाडी जिवंत आहे की नाही, हे तत्क्षणी जाणून घेण्याची आम्हाला विलक्षण घाई झाली. शेजाऱ्यांनी वेळीच काढून वर नेलेली बॅटरी मागून आणून जोडली, चावी लावली, तोच फाटकातून आरोळी आली, "सर, सेल मारू नका!"

गल्लोगल्ली बुडालेल्या गाड्या पाहत फिरणाऱ्या गॅरेजच्या माणसांत तो होता. आमचाच जुना विद्यार्थी. खानदेशातून पोटासाठी लिंबायतला येऊन राहिलेल्या कुटुंबातला. दहा वर्षांपूर्वी, आठवीत असताना, त्याने वर्गातील बंद पडलेले घड्याळ न विचारता उघडले होते. सारी चक्रे बाकावर ओळीने मांडली होती. "हात लावू नकोस!" असे ओरडून आम्ही त्याला भर वर्गात उभे केले आणि चक्रे डब्यात भरून टाकली. ते घड्याळ त्याने पुन्हा जोडले असते की नाही, हे पाहण्याची तसदी आम्ही घेतली नाही. त्या दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. घरची ओढग्रस्त हे कारण खरेच होते; पण तेवढे एकच होते, असे आम्ही आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

त्याने आम्हाला समजावले, "सर, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरलं तर रॉड वाकेल." हा पाठ आम्ही विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहून दिलेला होता, त्याचा अर्थ आम्हाला त्या दिवशी चिखलात उभे राहून कळला. त्याने चारही प्लग काढले, समोरून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरविले. प्लगांच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. इंजिनातील तेल दुधाळ चहासारखे झाले होते; ते त्याने दोनदा बदलले. स्टार्टर सोडवून उन्हात वाळविला, ब्रेकचे ड्रम उघडून गाळ धुतला. पंधराव्या दिवशी फियाट खोकली आणि सुरू झाली. सोसायटीतील ज्या उतावळ्यांनी पाणी ओसरताच चाव्या फिरविल्या, त्यांच्या गाड्या भंगारात गेल्या. मजुरी त्याने पूर्ण घेतली. ती घेतली, याचे आम्हाला आजही समाधान वाटते.

आता उधन्याला त्याचे स्वतःचे गॅरेज आहे आणि आमच्या रविवारच्या मंडळीत त्याचा शब्द अखेरचा असतो. आम्ही मोटारींच्या सनावळ्या सांगतो. तो बॉनेटवर कान ठेवतो. गतवर्षी त्याला जुना दाखला हवा होता. जनरल रजिस्टर काढले. त्याच्या नावापुढे, 'प्रगती' या रकान्यात, आमच्याच वळणदार अक्षरांत लिहिलेले होते: 'असमाधानकारक'. नियमाप्रमाणे आम्ही त्याची नक्कल केली, सही केली, शिक्का मारला. तो वाचून हसला आणि घडी करून खिशात ठेवता ठेवता म्हणाला, "सर, पावसाळ्याआधी एकदा गाडी दाखवून जा."

जनरल रजिस्टरात खाडाखोड करण्याचा अधिकार मुख्याध्यापकासही नाही. म्हणून ती दुरुस्ती आम्ही या पानावर करीत आहोत.