बीटच्या शेताखालची हजेरी

लिल शहराबाहेर पडून पश्चिमेला वळलं की उत्तर फ्रान्स एकदम सपाट होतो. बटाटा, बीट, मका, मधेच झाडांची एखादी सरळ रांग आणि जवळपास प्रत्येक शेताच्या कडेने पाण्याचा चर. थोडं खणलं तरी इथे पाणी लागतं. त्यामुळे पहिल्या महायुद्धात या पट्ट्यात खोल खंदक खणणं जमेना, म्हणून मातीच्या पोत्यांचे बांध रचून त्यांच्याआड लढाई चालली. नकाशात ठळक दिसणारी ऑबेरची टेकडी प्रत्यक्षात शोधावी लागते. भोवतालच्या रानाहून ती जेमतेम वीसेक मीटर उंच आहे. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला तिला टेकडी म्हणणं जिवावर येतं. पण तिच्यावर ठाण मांडून बसलेल्या जर्मनांना समोरची प्रत्येक हालचाल दिसत होती.

याच उतारावर फ्रोमेल हे गाव आहे. 19 जुलै 1916 च्या संध्याकाळी इथे ऑस्ट्रेलियाची पाचवी डिव्हिजन आणि ब्रिटिशांची एकसष्टावी डिव्हिजन हल्ल्याला निघाली. सकाळपर्यंत एकट्या ऑस्ट्रेलियाचे मृत, जखमी आणि पकडलेले मिळून 5,533 सैनिकांची हानी झाली होती. हाती काहीच लागलं नाही. जर्मन फळीच्या आत घुसून पडलेल्यांना बव्हेरियन सैनिकांनी फेझंट वुड नावाच्या झाडीशेजारी खड्डे खणून पुरलं, आणि पुढची नव्वद वर्षं त्या शेतात पिकं येत राहिली.

हे खड्डे शोधण्याचं श्रेय सरकारी खात्याला जात नाही. मेलबर्नचे एक निवृत्त कलाशिक्षक, लँबिस एंग्लेझोस, हिशेब मांडून बसले. बेपत्ता किती, आसपासच्या दफनभूमींत निनावी थडगी किती? आकडे जुळेनात. दीडशेहून जास्त माणसं कुठल्याच खात्यात बसत नव्हती. तज्ज्ञांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. मग एकेक कागद हाती येत गेला. विमानातून काढलेल्या युद्धकालीन छायाचित्रांत झाडीजवळ आठ खड्डे दिसले. म्यूनिकच्या दप्तरखान्यात 21 जुलै 1916 चा, सुमारे 400 मृतदेहांसाठी खड्डे खणण्याचा बव्हेरियन हुकूम सापडला. मृतांच्या अंगावरून काढलेल्या वस्तूंच्या आणि नावांच्या याद्या जर्मनांनी रेड क्रॉसकडे पाठवल्या होत्या, त्याही मिळाल्या. शत्रूची कारकुनी चोख होती, म्हणून हा शोध लागला असं म्हणायला हरकत नाही.

2009 च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड आर्किऑलॉजीच्या पथकाने खड्डे उघडले, तेव्हा 250 जणांचे अवशेष निघाले. त्यांच्यासोबत बक्कल, बटणं, बुटांचे तळवे आणि चामड्याच्या लहान पिशव्याही मिळाल्या. एका सैनिकाजवळ रेल्वेच्या तिकिटाचा तुकडा होता. फ्रीमँटल ते पर्थ या प्रवासाच्या परतीचा तो अर्धा भाग अजून वापरायचा राहिला होता.

हाडांतून डीएनए काढणं हे काम अर्धंच असतं. तो जुळवून पाहायला आईकडून किंवा बापाकडून थेट नातं सांगणारं आजचं कुणीतरी लागतं, आणि त्याला शोधायला आधी संभाव्य नावांची यादी लागते. फ्रोमेलला यादी होती, आणि ऑस्ट्रेलियातली कुटुंबं नमुने द्यायला पुढे आली. आजवर 170 हून अधिक जणांची नावं निश्चित झाली. गावाच्या चर्चजवळ त्यांच्यासाठी नवी दफनभूमी बांधली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने जवळपास अर्ध्या शतकानंतर बांधलेली ही पहिलीच. 30 जानेवारी 2010 ला पहिला सैनिक पुरला, आणि लढाईच्या तारखेला, 19 जुलैला, शेवटचा. नाव सापडलं की निनावी दगड काढून त्या जागी नावाचा दगड बसतो.

मायदेशी मात्र यांतला एकही गेला नाही. ब्रिटिश साम्राज्याने 1915 मध्येच मृतदेह परत नेण्यावर बंदी घातली. लॉर्डाचा मुलगा असो वा हमाल, जो जिथे पडला तिथेच राहील, हा नियम. समतेचा म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि फ्रान्समधल्या पांढऱ्या दगडांच्या रांगा पाहिल्या की ते खरंही वाटतं. सगळीकडे ते खरं नव्हतं.

फ्रोमेलहून नैऋत्येला, मोटारीने पाव तासाच्या आत, न्यूव्ह शापेल येतं. चौकात हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं गोल स्मारक आहे. जाळीदार दगडी कठडा, दोन वाघ आणि कमळाच्या शिरोभागाचा उंच स्तंभ. 1927 मध्ये त्याचं अनावरण झालं. आतल्या भिंतीवर 4,700 हून जास्त हिंदी सैनिकांची नावं आहेत. 10 मार्च 1915 ला इथल्या हल्ल्यात मरून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा गढवाली रायफलमन गब्बरसिंह नेगी याचंही नाव त्यांत आहे. टिहरीतल्या चंबा गावात त्याच्या नावाने मेळा भरतो, पण त्याचं थडगं कुठेच नाही.

मराठी माणसाने भिंतीवर सॅपर्स अँड मायनर्सचा रकाना शोधावा. 28 ऑक्टोबर 1914 ला सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीसोबत मुंबई सॅपर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या याच गावात शिरल्या. हे खडकीच्या छावणीतले सैनिक होते. पूल बांधणं, सुरुंग लावणं हे त्यांचं काम, पण त्या दिवशी त्यांच्या हाती संगिनी दिल्या गेल्या. घराघरातून झुंज झाली, गाव ताब्यात आलं आणि कुमक न पोचल्याने सोडावंही लागलं. मेलेले मागेच राहिले. मार्चमध्ये तोफांनी तीच जमीन पुन्हा उलथीपालथी केली.

तरी ही नावं दगडावर आली. मराठा पलटणींचे जे शिपाई मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात आणि वाटेत गेले, त्यांच्या वाट्याला बसऱ्याचं स्मारक आलं. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची पलटणीखाली फक्त संख्या. 2021 मध्ये आयोगानेच नेमलेल्या समितीने हा भेद लेखी मान्य केला: मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले किमान 1,16,000 मृत, कदाचित त्याहून कितीतरी जास्त, नावानिशी नोंदलेच गेले नव्हते. यादीच केली नाही तर डीएनए कुणाशी जुळवणार?

याचं उत्तर न्यूव्ह शापेलजवळच्या लावाँती गावात मिळतं. 2016 मध्ये रिशबूरजवळ खोदकामात दोन सांगाडे निघाले. खांद्यावरच्या पितळी बिल्ल्यावर 39 हा आकडा वाचता आला, म्हणून ते एकोणचाळिसाव्या गढवाल रायफल्सचे हे ठरलं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये पलटणीच्या आजच्या जवानांसमोर त्यांना लावाँतीच्या लष्करी दफनभूमीत पुरलं. पलटण कळली, माणसं कळली नाहीत. बिल्ला पितळेचा होता हे नशीबच म्हणायचं. नंतर दाबलेल्या तंतूचे जे ओळखबिल्ले निघाले ते मातीत कुजून जात.

दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण वेगळं निघालं. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या पोज्जो आल्तो इथे 1996 मध्ये सापडलेल्या दोघांची ओळख पुढे तपासांतून पटली. ते फ्रंटियर फोर्स रायफल्सचे हरियाणवी जवान होते, सप्टेंबर 1944 मध्ये पडलेले. त्यांच्या अस्थी 2019 मध्ये हरियाणात पोचल्या.

लावाँतीहून दक्षिणेला अरासकडे जाताना वाटेत लाँसचा कोळसापट्टा लागतो. तिथे नव्या रुग्णालयाच्या पायाभरणीआधी जमीन तपासताना इतके सैनिक निघाले की लूसच्या ब्रिटिश दफनभूमीला नवा भाग जोडावा लागला. 2024 मध्ये तो खुला झाला. अरासजवळच्या बोरँ इथे आयोगाच्या कार्यशाळेत दगडावर नावं कोरणारी यंत्रं चालू असतात. शेजारच्या विभागात शेतकऱ्यांकडून, ठेकेदारांकडून आलेल्या वस्तू पुसून लेबल लावून ठेवतात: चमचा, बुटाची टाच, खांद्यावरचा बिल्ला. नांगरणीच्या दिवसांत तिथला फोन जास्त वाजतो.