चाळीस पानं, आठ दिवस

सबमिशन! नुसता शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो ना? मास कॉमच्या शेवटच्या सेमिस्टरला आमचं डेझर्टेशन होतं. वर्षभर 'अगं, आहे अजून वेळ' असं एकमेकींना सांगत आम्ही निवांत होतो. एप्रिल उजाडला आणि महाशय थेट दारात! सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या आम्ही तिघी. टेबल एकच, टेन्शन मात्र सगळ्या वाड्याला पुरून उरेल इतकं.

या दिवसांत एक गंमत होते. एरवी ज्यांना कधी हात लावत नाही ती सगळी कामं अचानक सुचायला लागतात. मी कपाट लावलं, जुन्या चपला शिवून आणल्या. एकीने तर दुसरं प्रकरण लिहायला बसण्याआधी तिघींच्या चादरी धुऊन टाकल्या. घरचे याला आळस म्हणतात. पण आळशी माणूस चादरी धूत नाही हो! ती चक्क भीती असते.

यर्क्स आणि डॉडसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिले होते. काम अवघड असलं की मध्यम झटक्याने उंदीर लवकर शिकले, जोराच्या झटक्याने उलट जास्त वेळ लागला. (बिचारे उंदीर!) थोडं टेन्शन हवंच, हे मला पटतं. पण मध्यम कुठे संपतं, हे त्या खोलीत कुणाला कळणार?

चादरीवाली मैत्रीण लातूरकडची. वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून फी भरलेली, त्यामुळे घरी फोन करून रडायचं नाही हा तिचा हट्ट. एका रात्री दीडच्या सुमारास ती ताडकन उठून बसली. "मला श्वासच घेता येत नाहीये गं..." हात गार, छातीत धडधड. आम्हाला वाटलं, हार्ट अ‍ॅटॅक! साडेनऊनंतर गेट उघडायला छप्पन्न प्रश्न विचारणाऱ्या घरमालकीण काकू त्या रात्री गाउनवर ओढणी टाकून रिक्षा शोधायला धावल्या.

ईसीजी नॉर्मल आला. पॅनिक अ‍ॅटॅक, डॉक्टर म्हणाले. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला जातो आणि मग ओसरतो. पण ती दहा मिनिटं मरणाचीच वाटतात. मग त्यांनी विचारलं, "शेवटचं नीट जेवलीस कधी?" तिला आठवेना. कॉफी मात्र मोजता येत होती. रात्री बाराच्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफीन पहाटे पाचलाही अंगात असतं, हे आम्हाला तिथे कळलं.

आता १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. आमच्या वेळी नव्हता. सकाळी मीच तिच्या मोबाइलवरून तिच्या आईला फोन लावला. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. चालेल!

आई लाल एसटीने आल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. ना रागावल्या, ना रडल्या. "किती पानं राहिली बाई?" "चाळीस." "मग रोज पाच लिही. मी बसते इथं."

गाइड मॅडम मुदतवाढ देणार नाहीत, अशी वर्गात सगळ्यांचीच खात्री होती. विचारायला मात्र एकही जण गेलेला नव्हता. ती गेली. मॅडमनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि आठ दिवस दिले.

ते आठ दिवस आई कॉटच्या कडेला बसून मेथी निवडायच्या, दहा वाजले की दिवा बंद. पाच पानं झाली नसली तरी बंद! आम्हा दोघींचं सबमिशन कधीच आटोपलं होतं, तरी आम्हीही मुकाट झोपायचो.

काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग हातात आलं तेव्हा आईंनी सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवत लेकीचं नाव शोधलं. मग बाइंडिंगवाल्या काकांना हळूच विचारलं, "घरी न्यायला अजून एक करायचं तर किती पडतील हो?"