विसरलेली एकादशी

गेल्या कार्तिकी एकादशीला बाबांनी सकाळी पोळी-भाजी खाल्ली. मीच वाढली. तिथी माझ्याही लक्षात नव्हती. दुपारी कॅलेंडरसमोर उभे राहून त्यांनी विचारलं, “मी आज काही खाल्लं नाही ना गं?” मी म्हटलं, “नाही, बाबा.” आणि भगर टाकली.

पूर्वी मी त्यांना ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून चिडवायचे. त्यांची आठवण निसटू लागली तेव्हा मात्र उपवासाबद्दल वाचायला बसले. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण स्वस्थ बसलेल्या शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा खातो. पोट बारा तास किंवा त्याहून अधिक रिकामं राहिलं की यकृतातला साखरेचा साठा सरत येतो, चरबीपासून कीटोन बनतात आणि मेंदू तेही इंधन वापरू लागतो. उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत चेतापेशींना जपणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढलेलं आढळलं आहे. साबुदाण्याची खिचडी म्हणजे मुख्यतः पिष्ट. ती खाल्ली की ही अदलाबदल लांबते.

पण बाबांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी बजावलंय, उपाशी राहायचं नाही. साखर एकदम उतरली तर इजा मेंदूलाच. म्हणजे माझं खोटं त्यांच्या भल्याचं होतं, असं म्हणता येईल. ते मी त्यासाठी बोलले नव्हते. साठ वर्षांचा नेम मोडल्याचं त्यांना कळू नये, एवढंच मनात होतं.

उरलं चालणं. 2011 साली अमेरिकेत 120 वयस्कांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मरणाचा भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. त्या माणसांना स्मृतिभ्रंश नव्हता, हे मी विसरत नाही. तरी रोज संध्याकाळी बाबांना घेऊन निघते.

चालताना ते वारीचे मुक्काम म्हणतात. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. दुपारी काय जेवले ते आठवत नाही, हे आठवतं. परवा फलटणला अडकले. पाऊलही थांबलं. मी म्हटलं, “बरड.”

“हां, बरड,” म्हणाले आणि चालू लागले. थोड्या वेळाने विचारलं, “आज एकादशी का गं?”

हल्ली निघण्याआधी मी तिथी बघून घेते.