सायकलची गोडी सहाव्या आठवड्यात लागली

“डॉक्टर, व्यायाम करायला हवा हे कळतं, पण आवडतच नाही हो!” हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकतो. खरं सांगू? मलाही आवडत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४७ व्या वर्षी, माझं एचबीए१सी ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वडिलांना पन्नाशीत मधुमेह झाला आणि शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. त्या जखमेचं ड्रेसिंग वर्षभर मीच करत होतो. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मला तो अंगठाच दिसला.

चालणं, जिम सगळं करून झालं. दीड महिन्यापलीकडे काही टिकेना. मग जूनमध्ये एका वर्गमित्राने मला परस्पर २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये अडकवलं. फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार या राइड जगभर होतात. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, मध्ये ठरलेल्या ठिकाणी नोंद करायची, बस्स. आमची राइड ऑक्टोबरमध्ये होती, सातारा रस्त्याने १०० किलोमीटर जाऊन परत.

पहिले पाच आठवडे नकोसे होते. कात्रजचा जुना घाट चढताना नाडीचे ठोके १६५ वर जायचे. नजर एकतर पुढच्या चाकावर, नाहीतर घड्याळावर. आजूबाजूला घाट आहे की गोडाऊन, काही फरक पडत नव्हता.

सहाव्या आठवड्यात पानशेतच्या रस्त्याला होतो. जुलैचा पाऊस, खाचरांत भाताची लावणी चाललेली. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी घड्याळ पाहिलंच नाहीये, लावणी बघत चाललोय. तेवढ्यात दुधाच्या कॅन लावलेल्या सायकलवरून एक काका शेजारी आले.

“काय पाहुणं, गाडी बंद पडली का?”

“नाही काका, मजा म्हणून चालवतोय.”

“मजा? या पावसात?” काका हसले आणि दोन्ही बाजूच्या कॅनसकट चढावर माझ्या पुढे निघून गेले.

‘मजा’ हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. घरी येऊन डॉक्टरच्या डोक्याने विचार केला, तर त्यात जादू काही नव्हती. नियमित, मध्यम गतीच्या व्यायामाने सहा-आठ आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधले ऊर्जा तयार करणारे कारखाने म्हणजे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. तोच कात्रज मी आता १४५ ठोक्यांत चढत होतो. दम शिल्लक राहिला, की माणसाला लावणी दिसते. म्हणून “आवडत नाही” म्हणणाऱ्यांना मी हल्ली विचारतो, किती आठवडे केलंत? आणि किती जोरात? बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवा. पहिल्या आठवड्यात धाप लागेपर्यंत ताणणारे लोक तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात.

प्रत्यक्ष राइडबद्दल थोडंसं. खंबाटकीचा घाट अपेक्षेपेक्षा बरा गेला, परतीचं ऊन मात्र वाईट होतं. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखरेचा साठा असतो. तो संपला की पाय अक्षरशः थांबतात. त्यामुळे भूक लागायची वाट न पाहता तासातासाला केळं, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू, आणि मीठ घातलेलं लिंबूपाणी. १२ तास २० मिनिटांत पोहोचलो.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ५.८ आलं. काम करणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, हे पुस्तकात वाचलं होतंच. पण हाच परिणाम मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांना त्रासदायक ठरू शकतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर लांब सायकल चालवताना साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांशी बोला, खिशात साखर ठेवा. चढावर छातीत दडपण आलं तर तिथेच थांबा आणि थेट हॉस्पिटल गाठा. आणि गुडघा पुढून दुखत असेल तर आधी सीट तपासा, बहुतेकांची खालीच असते. पेडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा.

आता पुढची राइड ३०० ची आहे, २० तासांची. रात्रीही चालवावं लागणार, म्हणून दिवे आणि चमकणारं जॅकेट घेतलंय. बायकोच्या अटी दोनच आहेत: सरावाच्या रविवारी बाराच्या आत घरी यायचं, आणि चिखलाची सायकल हॉलमध्ये आणायची नाही.